टाकळा, तरवड, आपटा : फूल नसतानाची ओळख

मृगाच्या सरी पडून पंधरवडा उलटला की कोकणातल्या पायवाटांच्या दोन्ही कडा टाकळ्याने हिरव्या होतात. ठाणे, पनवेल, दादरच्या बाजारात आदिवासी बायका जमिनीवर कापड अंथरून त्याचे वाटे लावतात. विदर्भ-मराठवाड्यात हाच तरोटा, गोव्यात तायकिळा. कोकण-गोव्याकडे त्यात फणसाच्या आठळ्या आणि वर ओले खोबरे पडते. घाटावर कांदा-लसणाची फोडणी देऊन परततात. अलीकडे शहरातली मंडळीही सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन रानभाजी खुडायला निघतात, आणि खरी पंचाईत तिथे होते.

कारण बहुतेकांच्या हातातल्या पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये टाकळ्याचे चित्र असते ते पिवळ्या फुलाचे. भाजी मात्र खुडायची ती आषाढात, रोप वीतभर असताना. फूल यायला श्रावण-भाद्रपद उजाडतो आणि तोवर पाने राठ होऊन भाजीचा हंगाम सरलेला असतो. आपट्याचे तेच. दसऱ्याला पाने तोडायची, तर फुले येऊन गेली उन्हाळ्यात. म्हणजे ओळख पटवण्याची गरज ज्या दिवसांत असते, नेमक्या त्या दिवसांत झाडावर फूल नसते. तेव्हा फुलावाचून ओळखायच्या खुणा आधी शिकाव्यात. पान, देठ, काटा, साल यांच्याकडे पाहण्याची सवय लागली की शेंगा धरणाऱ्या या कुळातले निम्मे घोटाळे आपोआप मिटतात.

हे कूळ आहे मोठे. तूर, हरभरा, भुईमूग, चिंच, पळस, पांगारा, शिसव, शिकेकाई, लाजाळू, बाभूळ हे सगळे एकमेकांचे भाऊबंद आहेत. जगभरात त्याच्या सुमारे साडेएकोणीस हजार जाती आहेत. सपुष्प वनस्पतींत सूर्यफुलाचे कूळ आणि आमरांचे कूळ एवढीच दोन याच्यापेक्षा मोठी. आपल्याकडच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत फुलाच्या घडणीवरून त्याचे तीन गट सांगितलेले असत. वाटाण्यासारखे पतंगरूपी फूल असेल तर पहिला. टाकळ्या-बहाव्यासारख्या पाच सुट्या, जवळजवळ सारख्या पाकळ्या असतील तर दुसरा. बाभळीसारखा केसरांचा गोंडा असेल तर तिसरा. २०१७ साली जगभरच्या अभ्यासकांनी मिळून ही वाटणी बदलली आणि सहा उपकुळे केली. त्यात बाभूळ आणि टाकळा एका घरात आले, आपटा-कांचन वेगळ्या घरात गेले. रानात हिंडणाऱ्याला मात्र जुनी तीन गटांची वाटणी अजूनही कामाची आहे. पिवळे फूल दिसले म्हणून टाकळा समजून घागरीचे झुडूप उपटणारे लोक आहेत. घागरीचे, म्हणजे वाळल्यावर शेंगा खुळखुळ वाजणाऱ्या त्या झुडपाचे फूल पतंगरूपी असते. त्याचे टाकळ्याशी नाते लांबचे, आणि घागरीच्या काही जाती गुरांना विषारी आहेत.

आता टाकळ्याकडे. त्याचे पान संयुक्त असते, म्हणजे एका देठावर छोट्या पानांच्या जोड्या. या छोट्या पानांना पर्णिका म्हणतात. टाकळ्याला पर्णिकांच्या सहसा तीन जोड्या असतात. पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाला रुंद, गोलसर. टोकाची जोडी सर्वांत मोठी. हात फिरवला तर पान जवळजवळ गुळगुळीत लागते. इथवरच्या खुणा बहुतेकांना ठाऊक असतात. पण नेमकी खूण याहून लहान आहे. पान सपाट धरून वरच्या बाजूने पाहावे: खालच्या पर्णिका जिथे देठाला जोडलेल्या असतात तिथे, जोडीच्या मधोमध, एक बारीक, उभी, पिवळसर-नारिंगी काडी दिसते. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. ही मधुग्रंथी. तिच्यातून गोड रस पाझरतो आणि तो चाटायला मुंग्या येतात. टाकळ्याच्या रोपावर मुंग्यांची ये-जा का असते, याचे उत्तर हेच. फुलात मध नाही, पानावर आहे.

ही ग्रंथी कुठे आहे, किती आहेत आणि कशा आहेत, एवढे पाहिले की टाकळ्याचे बहुतेक तोतये उघडे पडतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल तर उत्तम. तरुण डोळ्यांना त्याचीही गरज नाही.

बारकाव्यात शिरायचे तर टाकळा म्हणून आपण जे खातो त्यात मुळात दोन जाती आहेत. सेन्ना टोरा या जातीत ग्रंथी खालच्या दोन जोड्यांमध्ये असतात आणि फुलाचा देठ आखूड असतो. सेन्ना ऑब्टुसिफोलियामध्ये ग्रंथी सहसा एकच, सर्वांत खालच्या जोडीत, आणि शेंगेचा देठ चांगला लांब. या दोन जाती वेगळ्या मानाव्यात की एकच, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी बराच काळ वाद घातला. कढईच्या दृष्टीने वादात दम नाही; दोन्हींची कोवळी पाने खाल्ली जातात. दोन्हींच्या शेंगा बारीक, लांब, कोयत्यासारख्या वळलेल्या आणि चौधारी; बिया चकचकीत, तपकिरी, शंकरपाळ्याच्या आकाराच्या. या बियांपासून काढलेल्या डिंकाला पाळीव प्राण्यांच्या खाद्यात घट्टपणा आणण्यासाठी मागणी आहे, आणि म्हणून उकिरड्यावरचे हे रोप काही भागांत पोत्यांनी गोळा होते. संस्कृत ग्रंथांत त्याला चक्रमर्द म्हटले आहे, दद्रुघ्नही म्हटले आहे. दद्रु म्हणजे गजकर्ण.

जपून पाहायचा तो कासविंदा. कुणी त्याला कसोदी म्हणतात, कुणी रानटाकळा. शास्त्रीय नाव सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस. गावकुसाबाहेर, पडक्या भिंतींच्या आडोशाला, रस्त्याच्या कडेला तो टाकळ्याच्या शेजारीच वाढतो. रानटाकळा या नावामुळेच कुणाचा समज होतो की हा टाकळ्याचाच जंगली अवतार, म्हणजे अधिक गुणकारी. हा समज घातक आहे.

कासविंद्याच्या पानात पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाला स्पष्ट टोकदार. टाकळ्याची गोल, याची अणकुचीदार. इतका फरक असताना चूक होऊ नये, पण अगदी कोवळ्या रोपावर पहिल्या एक-दोन पानांना जोड्या कमी असू शकतात आणि मग घाईत खुडणाऱ्याची फसगत होते. म्हणून वीतभर रोपाचे वरचे, पुरते उमललेले पान पाहावे आणि मग देठ बघावा. कासविंद्यात पर्णिकांच्या मध्ये काहीच नसते. ग्रंथी असते ती देठाच्या पार तळाशी, पान खोडाला जिथे चिकटते त्या फुगीर सांध्याजवळ: एकच, मोहरीएवढी, घुमटाकार, काळपट-तांबूस. टाकळ्याची ग्रंथी पर्णिकांमध्ये, कासविंद्याची खोडाजवळ. या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवावे.

पुढे शेंगा धरल्यावर प्रश्नच उरत नाही. कासविंद्याची शेंग चपटी, आठ ते बारा सेंटिमीटर, किंचित वर वळलेली, मध्ये तपकिरी आणि दोन्ही कडांना फिकट पट्टी असलेली. टाकळ्याची दोऱ्यासारखी बारीक शेंग आणि ही चपटी पट्टी शेजारी ठेवली तर लहान मूलही वेगळी करील.

लहान मुलांचे नाव इथे मुद्दाम घेतले आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात, बिजनौरच्या आसपास, पावसाळा सरल्यावर दरवर्षी काही मुले अचानक आजारी पडत: उलट्या, बेशुद्धी आणि फार थोड्या वेळात मृत्यू. बरीच वर्षे हा विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर समजला जात होता. बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ, विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिले की आजार संसर्गाचा नव्हता. खेळता खेळता मुलांनी कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर एकदम घाला घातला होता. २०१६ साली ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी पाड्यांवर मुले दगावली तेव्हाही तज्ज्ञांचे बोट याच झाडाकडे गेले. तिथे त्याला बण चाकुंडा म्हणतात. तेच झाड आपल्याकडे शाळांच्या कुंपणाशी, अंगणवाडीच्या मागच्या पडीत जागेत उभे असते. त्याच्या भाजलेल्या बियांची कॉफी पितात, औषधात वापरतात, असे कुणी सांगेल, आणि ते खोटेही नाही. पण कच्च्या बिया मुलांच्या हाती लागू नयेत यासाठी शेंगा धरण्याआधी अशी रोपे उपटून टाकणे एवढे तरी प्रत्येक गावाला जमण्यासारखे आहे.

कासविंद्याचा आणखी एक सख्खा भाऊ आहे, सेन्ना सोफेरा. त्याच्या पर्णिका अरुंद आणि जोड्या अधिक, सहा ते दहा. ग्रंथी त्याचीही देठाच्या तळाशी, पण निमुळती. शेंग मात्र चपटी नसते, फुगीर, जवळजवळ गोल नळीसारखी. गावोगावी दोघांना एकाच नावाने हाक मारतात. भाजीच्या पिशवीत दोघांनाही जागा नाही.

घाटमाथ्याच्या पूर्वेला, पुणे-सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंत, टाकळ्याचा खरा तोतया वेगळाच आहे. सेन्ना युनिफ्लोरा. मूळचा अमेरिकेतला, आता पुण्याच्या टेकड्यांवर, रेल्वेमार्गाच्या कडेने, पडीक रानात त्याचे ताटवेच्या ताटवे दिसतात. पर्णिकांच्या तीन ते पाच जोड्या आणि त्यांचा आकार अगदी टाकळ्यासारखा, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याची हमखास चूक होते. इथे डोळ्यांपेक्षा बोटे उपयोगी. पानावर आणि खोडावर दाट, तपकिरी, मऊ लव असते; हात फिरवला की मखमल लागते. टाकळा असा लागत नाही. ग्रंथीही एक-दोन नसून जवळजवळ प्रत्येक जोडीमध्ये असतात. शेंगा आखूड, तीन ते पाच सेंटिमीटर, सरळ, केसाळ, आणि प्रत्येक बीनंतर आत दबलेल्या, त्यामुळे गाठी मारल्यासारख्या दिसतात.

या झाडाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले गाजर गवत पुढे देशभर पसरले हे सर्वांना ठाऊक आहे. कर्नाटकात धारवाडच्या परिसरात अभ्यासकांच्या लक्षात आले की जिथे ही लवदार सेन्ना दाट वाढते तिथे गाजर गवत मागे हटते. मग तिच्या बिया मुद्दाम फेकण्याचे प्रयोग झाले. एक परदेशी तण हटवायला दुसरे परदेशी तण. गाजर गवताने अंगाला खाज सुटते, दमा होतो. त्या मानाने हे पुष्कळ बरे, असा युक्तिवाद करता येतो. पण टेकडीवरचे देशी गवत आणि पावसाळी रानफुले यांना दोन्हींखाली सारखीच जागा मिळत नाही.

ज्या खुणांवर लोक भरवसा ठेवतात त्यातल्या काही अगदी कुचकामी आहेत. पान चुरगळल्यावर येणारा उग्र वास टाकळ्यालाही येतो आणि कासविंद्यालाही. दोघांचे वास वेगळे सांगणारी अनुभवी नाके आहेत, पण नवख्याने त्या भानगडीत पडू नये. संध्याकाळी पाने मिटतात म्हणून टाकळाच, असेही म्हणतात. पाने सगळ्यांचीच मिटतात. फूल तर पाहून घेतलेच: पाच पिवळ्या पाकळ्या सगळ्यांना. चाखून पाहणे हा मार्ग कुणी सुचवला तर त्याला नमस्कार करून पुढे जावे.

खुडायचा टाकळा फुलावर येण्याआधीचा, शेंड्याची कोवळी पाने. तीही शिजवूनच. राठ पानांनी पोट ढिले होते, हे कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारावे. हमरस्त्याच्या कडेचा, तणनाशक मारलेल्या बांधावरचा, सांडपाण्याच्या नाल्याजवळचा टाकळा ओळख पटली तरी सोडून द्यावा. आणि घरात पहिल्यांदाच होत असेल तर प्रत्येकाच्या पानात एक-दोन घासांपुरताच वाढावा.

टाकळ्याच्या घराण्यातला सर्वांत देखणा तरवड. देशावरच्या कोरड्या माळांवर, मुरमाड उतारांवर त्याची झुडपे असतात. नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. शेजारच्या तेलंगणात तर हे राज्यपुष्प आहे आणि तिथल्या बतुकम्मा सणात फुलांच्या रचलेल्या थरांत त्याचा मान असतो. साल कातडी कमावायला वापरत. तरवडाला पर्णिकांच्या आठ-बारा जोड्या, प्रत्येक जोडीत ग्रंथी. पण फुलाशिवाय ओळखायला याहून सोपी खूण आहे: प्रत्येक पानाच्या बुडाशी, खोडाला लागून, कानाच्या पाळीच्या आकाराची दोन रुंद हिरवी उपपर्णे. शेंग कागदासारखी पातळ आणि चपटी. फुललेल्या तरवडाजवळ थोडा वेळ उभे राहावे. मोठा काळा भुंगा फुलावर उतरतो आणि त्याचा आवाज एकाएकी चढतो, बारीक होतो. या फुलांचे परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांना टोकाशी फक्त छिद्र असते. भुंगा अंग थरथरवून परागकण झटकून घेतो. टाकळ्याच्या साऱ्या घराण्यात हीच पद्धत आहे.

मोठ्या वृक्षांत घोटाळा होतो बहाव्याचा आणि कासोदाचा. कासोद म्हणजे रस्त्याकडेला सरकारी लागवडीत असतो तो सेन्ना सायमिया. बहाव्याचे झुबके खाली लोंबतात, कासोदाचे तुरे वर उभे असतात. फुले नसतील तर शेंगा पाहाव्यात: बहाव्याच्या गोल, काळ्या, हातभर लांब; कासोदाच्या चपट्या, घोसाने. दोघांच्याही पानावर ग्रंथी नाहीत. इतके पुरे.

नावांबद्दल एक सूचना. जुन्या पुस्तकांत हे सगळे कॅसिया या एकाच नावाखाली सापडतील: टाकळा म्हणजे कॅसिया टोरा, तरवड म्हणजे कॅसिया ऑरिक्युलाटा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयर्विन आणि बार्नबी या दोघा अभ्यासकांनी या पसाऱ्याची तीन प्रजातींत फोड केली. बहावा कॅसियातच राहिला, टाकळा-तरवड सेन्नात गेले. बाभळीवर तर याहून मोठे महाभारत झाले. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेले, २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगालिया झाला. तेव्हा दोन पुस्तकांत दोन नावे दिसली तर त्यातले एक चूक असेलच असे नाही. थिओडोर कुकची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात निघाली. नावे जुनी असली तरी तिच्यातली पाना-शेंगांची वर्णने आजही खणखणीत आहेत.

दसरा आला की आपट्याचे हाल सुरू होतात, आणि त्याच्या जोडीला कांचनाचेही. शहरातल्या बाजारात सोने म्हणून विकल्या जाणाऱ्या फांद्यांत कांचनाच्या फांद्या पुष्कळ असतात. दोघांचे पान टोकाला दुभंगलेले, त्यामुळे विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. घेणारेही कुठे पाहतात? पण फरक ढळढळीत आहे. आपट्याचे पान लहान, सहसा दोन ते पाच सेंटिमीटर, आणि लांबीपेक्षा रुंदी जास्त. जाड, चिवट, खालून राखाडी. कांचनाचे पान त्याच्या दुप्पट-तिप्पट, पातळ आणि मऊ. तळहात भरून उरणारे पान कुणी आपटा म्हणून दिले तर ते कांचनाचे आहे, यात शंका बाळगू नये.

झाडावरून ओळखायचे तर आपटा वेडावाकडा, बुटका, काळपट खरखरीत सालीचा, फांद्या खाली झुकलेल्या. त्याची फुले बारीक, मळकट पांढरी, उन्हाळ्यात येतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत. दसऱ्याच्या सुमारास लोंबत्या शेंगा मात्र बहुधा दिसतात, काही नव्या हिरव्या, काही गेल्या सालच्या काळ्या. याच दिवसांत एखादे दुभंग पानांचे झाड गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरलेले असेल तर तो बाऊहिनिया परपुरिया, शरदात फुलणारा कांचन. वसंतात, पाने झडलेली असताना फुलतो तो रक्तकांचन, बाऊहिनिया व्हेरिगाटा. दोघांत शंका आली तर फुलातले पुंकेसर मोजावेत: शरदातल्याला पूर्ण वाढलेले तीन, वसंतातल्याला पाच.

एक जागा मात्र खरोखर चकवा देणारी आहे. पिवळा कांचन, बाऊहिनिया टोमेंटोसा, बागांतून लावतात. त्याचे पान आकाराने आपट्याच्या जवळ जाते. पण हे झुडूप. खोड सडपातळ, पान कागदी, देठ बारीक. घंटेसारखी पिवळी फुले, बहुधा आत गडद तांबडा डाग. बंगल्याच्या कुंपणातला नाजूक ‘आपटा’ हाच निघण्याची शक्यता फार.

आपटा सावकाश वाढतो. डोंगरउतारावर, खडकाळ जागी टिकून राहणाऱ्या मोजक्या झाडांतला तो एक, आणि वर्षातून एकदा त्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. सोने म्हणून द्यायला एक पान पुरते. गाडीच्या टपावर बांधून आणलेला भारा दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो. ज्याला आपटा ओळखता येतो त्याने निदान आपल्या सोसायटीत तरी फांद्या विकत आणू नयेत, असे सांगायला हरकत नसावी. एखादे रोप लावले तर त्याहून चांगले.

दसऱ्याचीच दुसरी मानकरी शमी. तिच्या जागी विलायती बाभळीची फांदी पुजली जाते, हे पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही. दोन्हींची पाने बारीक, दोन्ही काटेरी, आणि विलायती बाभूळ तर गावोगावच्या गावठाणात माजली आहे. इथे काटा पाहावा. विलायती बाभळीचा काटा पानाच्या बेचक्यातून निघतो, मजबूत, लांब, पुष्कळदा जोडीने. शमीचे काटे बुडाशी रुंद, लहान आणि फांदीवर इतस्ततः, पानांच्या मधल्या मोकळ्या जागेतही. विलायती बाभळीची शेंग जाड, पिवळट, गोड, शेळ्या मिटक्या मारीत खातात आणि बी गावभर पसरवतात. शमीची बारीक, दंडगोल.

उरलेल्या काटेरी मंडळींसाठी साल आणि काटा या दोन बारमाही खुणा पुरतात. बाभळीची साल काळी, खोल भेगांची. काटे सरळ, पांढरे, जोडीने. पांढुरक्या शेंगा प्रत्येक बीनंतर आवळलेल्या. हिवराची साल पिवळट-पांढरी, लांबून झाड उजळ दिसते, काटे तेही सरळ. पावसाळा संपता संपता मळकट पांढऱ्या गोंड्यांचे मोठे झुबके येतात. खैराचा काटा आखूड आणि आकड्यासारखा वळलेला, सदरा अडकला की सुटत नाही. त्याची फुले गोंड्यात नसून लांबट तुऱ्यांत येतात आणि शेंग चपटी तपकिरी. गोल गोंडा आणि सरळ काटा म्हणजे बाभूळ-हिवर. लांब तुरा आणि वाकडा काटा म्हणजे खैर. विड्यातला कात याच खैराच्या गाभ्यातून निघतो.

मोबाइलवरची ओळखयंत्रे आता बरी झाली आहेत, पण फुलाचा फोटो असेल तर. नुसत्या पानाचा फोटो दिला की ती पुष्कळदा प्रजातीपर्यंत नेतात आणि पुढच्या नावाला अडखळतात. सेन्ना एवढे उत्तर आले तर ते धरावे, त्यापुढचे नाव स्वतः तपासावे. फोटो काढताना पूर्ण पान, पानाचा खोडाशी असलेला सांधा, पर्णिकांमधली जागा जवळून, पानाची मागची बाजू आणि असेल तर शेंग, असे वेगवेगळे घ्यावेत. लोक झाडाचा एकच सुंदर फोटो काढतात आणि त्यात नेमका सांधा दिसत नाही.

तरीही शंका राहिली तर फांदी घेऊन माणसाकडे जावे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम, या ठिकाणी वाळवलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्र विभागही पुष्कळदा पुरतो. फांदी वीतभर घ्यावी, पाने खोडाला लागलेलीच ठेवावीत, सुटी करू नयेत. शेंग मिळाली तर सोबत द्यावी. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून न्यावी आणि कागदावर जागा, तारीख, झाडाची उंची आणि स्थानिक नाव लिहावे. नमुना टाकळ्याचा म्हणून खुडलेला असेल तर उत्तर येईपर्यंत बाकीची जुडी कढईपासून लांबच ठेवावी.